मायक्रोफोनपासून दोन पावलं

बाबा, तुमची रेकॉर्ड निघाली. आता तिला सीडी म्हणतात, पण तुम्ही सीडीलाही रेकॉर्डच म्हणायचात, म्हणून मीही तसंच लिहिते. परवा दुपारी बँजोसान स्वतः ती घेऊन आले, एकोणऐंशीव्या वर्षी, सायकलवरून. तुमच्याबरोबर वाजवणाऱ्या त्या मंडळींची खरी नावं तुमच्या तोंडी कधी बसली नाहीत. इथे जपानात नावाला सान जोडतात हे कळल्यावर तुम्ही सरळ वाद्यांनाच सान लावून टाकलंत: बँजोसान, गिटारसान, व्हायोलिनसान, आणि तो माणसाहून उंच बास वाजवणारे ते थोरलेसान. थोरलेसान आणि गिटारसान आता नाहीत. ज्या कॉफीच्या दुकानाच्या माडीवर तुम्ही सगळे जमायचात तेही बंद झालं, आणि तिथलं कपाट आवरताना त्या दिवसाचं रेकॉर्डिंग सापडलं. बँजोसाननी मोजक्या प्रती काढल्या. मागच्या बाजूला प्रत्येक वाद्यासमोर वाजवणाऱ्याचं नाव छापलं आहे. मँडोलिनसमोर तुमचं. तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली, आणि तुमचं नाव छापलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

तुम्ही जुन्या बाजारातून ती पहिली रेकॉर्ड आणलीत तेव्हा मी तिसरीत होते. कव्हर एका बाजूनं उसवलेलं, त्यावर हॅट घातलेले पाच अमेरिकन, एकाच मायक्रोफोनभोवती दाटीवाटीनं उभे. त्यातल्या एकाच्या हातात मँडोलिन दिसलं, एवढ्यावर तुम्ही ती घेतलीत. टेलिफोन ऑफिसच्या गॅदरिंगमध्ये सिनेमाची गाणी वाजवणारे तुम्ही, असलं काही कधी ऐकलं नव्हतंत. रविवारी सकाळी स्वयंपाकघराच्या दारात प्लेअर ठेवून तुम्ही बसायचात. सुई उचलायची, मागे ठेवायची, तोच तुकडा पुन्हा, मग वहीत सारेगम लिहायचं. आई पोळ्या लाटता लाटता म्हणायची, ‘‘अहो, कोण मागे लागलंय त्यांच्या? जरा दमानं वाजवायला सांगा की.’’ आणि तुम्ही मला हाक मारायचात, ‘‘ये गं, तू कॉन्व्हेंटची ना, काय म्हणतोय हा?’’ मला त्या नाकातल्या गाण्यातलं एक अक्षर कळायचं नाही. मी काहीतरी ठोकून द्यायचे. तुम्ही तेही वहीत लिहून घ्यायचात.

आई गेल्यावर मी तुम्हाला इकडे बोलावलं. नव्वद दिवसांचा व्हिसा होता, आणि मँडोलिन तुम्ही पुण्याहून मांडीवर घेऊन आला होतात. पहिले पंधरा दिवस तुम्ही खिडकीशी बसून असायचात. कचरा मात्र माझ्याहून चोख वेगळा करायचात, बाटलीचं झाकण निराळं, लेबल निराळं. मग एक दिवस फिरायला गेलेले तुम्ही धापा टाकतच परत आलात. ‘‘अगं चल, चल लवकर. माझी रेकॉर्ड वाजतीये त्या दुकानात!’’ रेकॉर्ड नव्हती, माडीवर चार म्हातारे खरोखरच वाजवत होते. विद्यापीठात असताना त्यांनी ही मंडळी जमवली होती, आणि तीही अशाच अमेरिकन रेकॉर्डींवरून, सुई उचलून उचलून शिकली होती. हे मी तुम्हाला मराठीत सांगितलं तेव्हा तुम्ही बँजोसानचा हात दोन्ही हातांत धरलात आणि सोडलाच नाहीत. इथे असा हात कुणी धरत नाही. मी अवघडून बघत राहिले.

पुढच्या शनिवारी तुम्ही मँडोलिन घेऊन गेलात. त्यांची पद्धत तुम्हाला माझ्याआधी कळली. मायक्रोफोन एकच. ज्याची पाळी तो पुढे येतो, आपला तुकडा वाजवतो आणि मागे सरतो, की दुसरा त्याच्या जागी. कुणी कुणाला धक्का लावत नाही. तुमची पाळी आली आणि तुम्ही पुढे गेलात. एकदा वाजवलंत, मागे सरला नाहीत. पुन्हा वाजवलंत, निराळं. बँजोसान ओरडले, ‘‘ओतोसान, आणखी!’’ माझे ओतोसान, म्हणजे वडील, म्हणून तुम्ही त्या सगळ्यांचेच ओतोसान झाला होतात. तिसऱ्यांदा तुम्ही जे वाजवलंत ते ऐकून थोरलेसान बासला टेकून हसत होते. आई गेल्यापासून तुमचा असा चेहरा मी पाहिला नव्हता. आणि बाबा, मला तो बघवेना. शाळेत सिस्टर आम्हाला सांगायच्या, उत्तर येत असलं तरी हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. तेच सगळं माझ्या मानेत ताठून बसलं.

परतताना बसमध्ये मी बोललेच. ‘‘बाबा, तीनतीनदा काय वाजवलंत? प्रत्येकाला एकदाच पाळी असते.’’

‘‘अगं, रंगलं होतं. ते बँजोसानच म्हणाले ना, आणखी!’’

‘‘ते म्हणणारच. इथे तोंडावर कुणी नाही म्हणत नाही, मनात ठेवतात. इतकं पुढे पुढे करू नका हो. मला लाज वाटली.’’

तुम्ही पिशवीतलं मँडोलिन मांडीवर नीट आडवं केलंत. मग म्हणालात, ‘‘बरं. तुला इथलं कळतं.’’

मला कळतं याचा फार अभिमान होता, बाबा. क्योतोमध्ये पाहुण्याला ‘थांबा, चहा-भात खाऊनच जा’ असं म्हटलं की पाहुण्यानं उठायचं असतं, हे मी आल्या वर्षीच शिकले होते आणि नव्यानं येणाऱ्या मराठी मुलींना मोठ्या तोऱ्यात शिकवत होते. गोड बोलण्याचा उलटा अर्थ लावायचा, ही माझी हुशारी. त्यानंतर तुम्ही दर शनिवारी माडीवर जात राहिलात, पण दोन पावलं मागे उभे राहायचात. पाळी आली की तिथूनच एकदा वाजवायचात आणि मान खाली घालायचात. मला वाटलं, शिकले बाबा.

रेकॉर्डिंग तुम्ही परत निघायच्या आदल्या आठवड्यात झालं. मायक्रोफोन तोच एक, माडीच्या मधोमध. पहिलं गाणं झाल्यावर बँजोसान माझ्याकडे वळले, जरासे वाकले आणि हसून म्हणाले, ‘‘ओतोसान थोडे पुढे आले, तर आम्हाला फार आनंद होईल.’’ मी मनात म्हटलं, पाहुण्याचा मान राखताहेत. तुम्ही विचारलंत, ‘‘काय म्हणताहेत?’’ मी म्हटलं, ‘‘काही नाही, छान झालं म्हणताहेत.’’ तिसऱ्या गाण्याआधी ते पुन्हा आले. शब्द तेच, हसणं तेच. तुम्ही पुन्हा माझ्याकडे पाहिलंत. मी म्हटलं, ‘‘सुरू करा म्हणताहेत.’’ तुम्ही बँजोसानकडे पाहून मान डोलावलीत, हसलात, आणि जिथे होतात तिथूनच सुरू केलंत.

काल मी रेकॉर्ड लावली. शेजारी तुमची नात बसली होती. तुम्ही आलात तेव्हा ती कॉलेजात होती, आता तिनंही तिशी ओलांडली. व्हायोलिन येतं, अगदी कानाशी. बँजो येतो, त्याच्या तारेवरचं नखसुद्धा ऐकू येतं. मग तुमची पाळी येते. गिटार आणि बास हळू होतात, तुमच्यासाठी जागा करून देतात, आणि त्या जागेत काहीच नाही. जीव कानात आणला तर पलीकडच्या बिल्डिंगमध्ये दार लावून कुणी वाजवत असावं, तसं काहीतरी. एवढ्यात व्हायोलिन पुन्हा पुढे येतं आणि तेही झाकलं जातं. लेक आजोबांना जपानीतच हाक मारते; म्हणाली, ‘‘अरे? ओजीचान कुठे आहे?’’ मी मागे नेऊन पुन्हा लावलं. आवाज वाढवला तर बँजोच वाढला. सहाही गाण्यांत तसंच. घरात तुमच्या मँडोलिनचं दुसरं काही नाही. गॅदरिंगची कुणी टेप केली नव्हती, आणि तुम्ही पुण्याला परत गेलात ते पुढचा पावसाळा काही पाहिला नाहीत. तुमचं वाजवणं जगात एवढ्याच ठिकाणी उरलं आहे आणि तिथे ते नाही.

परवा बँजोसान माझ्या टेबलाशी बसले होते. चहाला हात लावेनात. मग म्हणाले, ‘‘बारा वर्षं एक विचारायचं राहून गेलंय. पहिल्या दिवशी ओतोसान तीनदा वाजवत होते, तेव्हा आम्ही चौघं नंतर किती वेळ त्याच्याबद्दलच बोलत होतो. इतक्या वर्षांत आमच्यात कुणी असं मोकळं वाजवलं नव्हतं. आणि पुढच्या वेळेपासून ते मागेच उभे. रेकॉर्डिंगला मी दोनदा विनंती केली, ते हसले आणि तिथेच राहिले. थोरल्यानं,’’ म्हणजे त्यांनी बासवाल्यांचं नाव घेतलं, ‘‘शेवटपर्यंत विचारलं मला. आपलं काही चुकलं का? आपण त्यांना दुखावलं का?’’

मी म्हटलं, ‘‘छे, छे. माझे वडील मुळात लाजाळू होते.’’

त्यांचा चेहरा केवढा मोकळा झाला. ‘‘असं होय,’’ म्हणाले, दोनदा वाकले, आणि गार झालेला चहा सगळा प्यायले.

तुम्ही लाजाळू नव्हतात, बाबा. टेलिफोन ऑफिसच्या साहेबांच्या निरोप समारंभात तुम्ही न विचारता तासभर वाजवलं होतंत आणि साहेबच रडले होते. बँजोसान इथून सायकलनं पंधरा मिनिटांवर राहतात. खरं तर हे पत्र त्यांना लिहायला हवं, जपानीत, आणि उद्याच त्यांच्या पेटीत टाकायला हवं. मी ते मराठीत, तुम्हाला लिहिते आहे, कारण तुम्ही नुसतं ‘बरं’ म्हणाल.