ज्याचं कुलूप त्यानंच काढावं

रविवार

सगळ्यात आधी आली ती शेजारची शिलाईवाली. आमच्या ट्रंका अजून दारातच, आणि ही बाई स्वतःची खुर्ची डोक्यावर घेऊन हजर! म्हणाली, आजी, बसायला काही नसेल म्हणून आणली. मला ती तिथंच आवडली. तोंडात टाचण्या धरून बोलते. मला मेलीची धास्ती, एखादी गिळायची. मी तिला सुईबाई म्हणायचं ठरवलंय. मग कारखान्याच्या दवाखान्यातली नर्स आली, फुकटात बीपी बघून गेली. मोठ्या साहेबांची बायको नाही आली. तिचं नाक एवढं वर, की पाऊस आला तर भरून वाहायचं.

ही वही नातवानं दिली. तो फौजेत होता तेव्हा त्याला पत्र लिहिता यावं म्हणून मी म्हातारपणी अक्षरं गिरवली. आता तो घरातच, मग लिहू कुणाला? म्हणाला, आजी, बोलतेस तेवढंच लिही, महिन्यात वही संपेल. वाह्यात मेला.

आईबापामागं मीच त्याला वाढवला. सतरा वर्षं फौजेत काढून आला, तर लोक म्हणाले, बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहा. ते त्याला झोंबलं. कोवळ्या पोरांच्या बाकावर बसून सेफ्टीचा कोर्स केला. पोरं त्याला काका म्हणायची. आणि आज सेफ्टी ऑफिसर! हे क्वार्टर मिळालं. सगळ्या खोल्या मी दोनदा फिरून बघितल्या. दोनच आहेत, पण आपल्या आहेत.

बुधवार

कारखाना पिठाचा. पीठ साठवायच्या तीन कोठ्या, प्रत्येक देवळाच्या कळसाहून उंच. पहिल्या दोन चालू असल्या की घरात कपबश्या किणकिणतात. तिसरी बंद आहे, किती वर्षं कोण जाणे.

कोठीच्या तळाला भलामोठा स्क्रू फिरतो, तो पीठ खाली ओढतो. पीठ धरून बसलं की माणसाला आत उतरून फोडावं लागतं. उतरण्याआधी त्यानं स्क्रूच्या विजेचा खटका पाडायचा, त्याला साखळी घालायची आणि आपलं कुलूप लावायचं. किल्ली आपल्याच खिशात. तो बाहेर येऊन स्वतः कुलूप काढेपर्यंत खटक्याला कुणी हात लावायचा नाही, मालकानंसुद्धा. हे सांगताना नातवाचे डोळे चमकत होते. म्हणाला, आजी, फौजेत माणसं मोजून न्यायचो, तेवढी मोजून आणता यायची नाहीत. इथं येतील.

मी म्हटलं, तिकडं गोळीपासून वाचवायचास, इथं पिठापासून. हसला. किती दिवसांनी हसला.

शनिवार

आज तोंड पाडून आला. तिसरी कोठी सुरू करायची आहे. तिच्या खटक्यावर जुनी तीन कुलपं लटकलेली. यानं विचारलं, कुणाची? मोठे साहेब म्हणाले, तिघंजण उचल घेऊन पळाले, कुलपं तशीच ठेवून. कापून टाका. हा म्हणाला, ज्याची त्यानं काढायची असतात. साहेब म्हणाले, मला वाटलं, फौजी हुकूम ऐकतात.

तेवढ्यावर यानं कटर घेतला आणि साखळी कापली. सतरा वर्षांची खोड, हुकूम म्हटला की हात आधी उठतो.

कुलपं, साखळीच्या तुकड्यांसकट, घरी घेऊन आलाय. म्हणाला, फेकवत नाहीत. कुणी मागायला आलं तर दे. मी घासून लख्ख केली आणि स्वयंपाकघरात खिळ्याला लावली.

मंगळवार

आले की कुलपांचे धनी! भर दुपारी, तिघं. नखशिखांत पिठानं पांढरे. पिठाच्या कारखान्यातली माणसं, काळी कशी असतील? खुर्च्या दिल्या, चहा ठेवला. अबोल माणसं, पण पाहुणे ते पाहुणे. मधला सारखा छातीवर हात धरत होता. बघितलं, तर शर्टाची गुंडी गायब. मी म्हटलं, अरे लाजतोस काय, शेजारी शिलाईवाली आहे, लावून देईल. तो हसला. हसण्याचा आवाज काही आला नाही.

कुलपं पुढं केली. तिघांनी खिशातून किल्ल्या काढल्या. आपापल्या किल्लीनं आपापलं कुलूप उघडलं आणि परत लावलं. मी म्हटलं, न्या की. म्हणाले, नको आजी. काम संपलं की काढायचं असतं. आम्ही अजून बाहेर कुठं आलोय?

फौजींना भेटायला परत येऊ म्हणाले.

चहा कुणी प्यायलाच नाही. वर पिठाची साय धरली होती. बशीला आंबूस वास.

शुक्रवार

साहेबांनी सगळ्या क्वार्टरांत पिठाची पिशवी पाठवली. तिसऱ्या कोठीतलं वरचं मोकळं पीठ काढून वाटलंय म्हणे. फुकटचं, म्हणून मी लगेच मळायला घेतलं, तर हाताला गुंडी लागली. खाली लाल दोऱ्याचा वेढा.

सुईबाईला हसत हसत दिली. म्हटलं, परवाच्या त्या पाहुण्याची असेल. तिनं तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या. विचारलं, कसा दिसत होता? मी सांगत गेले आणि तिचा चेहरा उतरत गेला. लाल दोरा तीच घालते. फक्त नवऱ्याच्या शर्टाला.

तिला कारखान्यानं सांगितलं होतं, तुझा नवरा उचल घेऊन पळाला, बरोबर दोघं मित्र. ती म्हणाली, आजी, मी इतकी वर्षं रोज त्याला शिव्या घालून जेवले.

मळलेला गोळा मी परातीसकट बाहेर नेऊन पुरला. हात धुतले. परत धुतले.

रविवार

नातवाला सगळं सांगितलं. तो कामावर जाऊन खटक्याच्या पाठीमागं बघून आला. तिथं चोरवायर निघाली, खटक्याला वळसा घालून वीज नेणारी. कुलपं जागेवर होती, माणसं आत होती, आणि साहेबांनी मागून कोठी चालू केली होती. माल थांबत होता म्हणून.

तो म्हणाला, पळाले म्हणत होते, आजी. ते तळाशी आहेत. पीठ दगडासारखं झालंय, त्यात.

साहेबांना हवा होता असा माणूस, जो नवीन आहे आणि विचारत नाही. कुलपं कुणाच्या हातानं निघाली? फौजीच्या.

सोमवार

हा पोलिसांकडं जाऊन आला. ते म्हणाले, गुंडीवर खटला चालत नाही. आता हा म्हणतो, मी स्वतः आत उतरतो, तिघांचं काहीतरी वर आणतो. चोरवायर तोडलीय. गुरुवारी खटका पाडून माझं कुलूप लावीन.

मी म्हटलं, नको जाऊस. पाया पडते तुझ्या.

म्हणाला, मोजून आणायची आहेत.

मंगळवार

परत आले. दार लावलेलं होतं, तरी खुर्च्यांवर होते. चहा नाही ठेवला. हात जोडले. म्हटलं, माझ्या पोराला नेऊ नका, त्याची चूक झाली.

मधला म्हणाला, आम्ही कुणाला नेत नाही, आजी. नेतात ती जिवंत माणसं.

मग म्हणाला, तिला सांगा, गुंडी मिळाली.

उठताना म्हणाले, गुरुवारी दुपारी येऊ. चौघं.

मी म्हटलं, तिघं ना? तोवर खुर्च्या रिकाम्या. खुर्च्या झटकल्या तर पीठ —

बुधवार

नातवाला सांगितलं. दाराला आडवी बसले. त्यानं मला उचलून खाटेवर ठेवलं, लहान पोरासारखं. म्हणाला, कुलूप माझं, किल्ली माझ्या खिशात. कोण काय करणार?

मी म्हटलं, तू जे केलंस तेच.

मग म्हणाला, कटर कारखान्यातल्या कपाटात बंद ठेवलाय, आजी.

कपाटाची किल्ली साहेबांकडं असते. हे त्याला माहीत आहे. मला आज कळलं.

गुरुवार

सकाळी कपडे कडक इस्त्रीचे. दारातून सलाम ठोकला, फौजेत जाताना ठोकायचा तसा. वळून बघितलं नाही.

दुपार. सुईबाई माझ्याजवळ बसलीय. टाचण्या नाहीत तोंडात.

कपबश्या किणकिणतात. पहिली कोठी. दुसरी. रोजचंच आहे. रोजचंच —

नाही. जास्त. फडताळ हलतंय. कप पडला. कपबश्या अशा कधीच नव्हत्या वाजल्या. सुईबाई म्हणाली, तिसरी चालू झाली.

साहेबांचा ड्रायव्हर येऊन गेला. मान वर केली नाही. म्हणाला, तुमचा नातू न सांगता नोकरी सोडून गेला. उचल घेऊन. क्वार्टर खाली करा.

हातात कुलूप दिलं. त्याचं. लागलेलं. अडकलेला साखळीचा तुकडा, कापलेला, सफाईनं. तशीच सफाई खिळ्यावरच्या तिन्ही तुकड्यांवर आहे.

किल्ली विचारली. ड्रायव्हर रडायला लागला. पळाला.

सुईबाई विचारते, आज वार कोणता. तिला माहीत आहे. गुरुवार. ते म्हणाले होते तो.

मी तीनच खुर्च्या ठेवल्यात. चौथी आत नेली. सुईबाईची होती, तरी आत नेली.

पायरीवर पावलं. तिघंच असू देत. पहिला. मधला, छातीवर हात. तिसरा. झालं, तिघंच —

मागं कुणीतरी बूट आपटले. सलाम —