डांबराचे बोळे

बोर्ली पंचतन,
१४ ऑगस्ट २०२५

चि. सुजितास,

अनेक आशीर्वाद. तळा गावी आईजवळ सुखरूप असशील, असं लिहिणार होतो. पण ज्याचं खांद्याचं हाड मीच मोडलं, त्याला हे कोणत्या तोंडाने लिहू? तुझ्या आईने, गोदूने कळवलं, डाव्या कानाने तुला अजून ऐकू येत नाही.

इकडे नारळी पौर्णिमा झाली. तुझ्या मामीचा, नीराचा पाय गुडघ्याखाली काढला. कुबडी टेकून दुकानाच्या ओट्यावर बसते, सुकट विकते, गिऱ्हाइकांशी भांडते. तोंड शाबूत आहे.

बाजारगल्लीत पुन्हा पाणी भरतंय. तू इथल्या पाच दुकानांच्या स्लॅबांवर काथ्या, हलकी माती आणि गवत घातलंस, तेव्हा 'मामाच्या डोक्यावर शेती' म्हणून मीच हसलो होतो. पण जूनभर छपरांनी पाणी पिऊन ठेवलं, एका दुकानात शिरलं नाही. माझ्या छपराचा कठडा कोसळल्यावर लोकांनी बाकीची चारही छपरं फावड्यांनी ओरबाडली. आता जरा जोराची सर आली की गल्लीत गुडघाभर पाणी.

त्या दिवसाचं लिहायचं टाळतोय. तीन दिवस पाऊस खळला नव्हता. कठडा फुटला, विटा आणि पाणी नीराच्या अंगावर आलं. तू धावत येऊन विटा उपसायला लागलास. मी दाराचा अडसर उचलला आणि मागून तुझ्या खांद्यावर घातला. पहिला घाव माझा. मग गल्ली तुटून पडली, कुणी लाथांनी, कुणी फावड्याच्या दांड्याने. तुझ्या नाकातोंडातून रक्त येत होतं आणि मी "मारा त्याला" म्हणून ओरडत होतो. सगळे म्हणाले, मामाने बरोबर केलं. तक्रारीत तुझं नावही मीच घातलं.

परवा छपरावरचा चिखल काढायला चढलो. कठड्याखाली तू ठेवलेल्या तिन्ही पाइपांची तोंडं बंद होती. डांबरात बुडवलेल्या चिंध्यांचे बोळे. चिंध्या माझ्या निळ्या लुंगीच्या.

मे महिन्यात तू पनवेलला होतास, मी आगोटीच्या कामाला लागलो होतो. पावसाआधी छपराचं भोक न् भोक डांबराने बुजवायचं, हे बापाने शिकवलेलं. जास्तीचं पाणी याच पाइपांतून जाणार, असं तू दोनदा सांगितलं होतंस. मी हो हो म्हटलं आणि सवयीने बुजवून मोकळा झालो.

परवा कळलं, असं लिहून पत्र संपवणार होतो. ते खोटं आहे. पहिल्या घावानंतर तू वळून म्हणालास, "मामा, पाइप कुणी बुजवले?" मला त्याच क्षणी आठवलं. पुढचं कुणी ऐकू नये म्हणून दुसरा घाव मी तुझ्या कानशिलावर घातला.

हे आज सकाळी नीराला सांगितलं. तिने हातातली सुकट टोपलीत टाकली. मग म्हणाली, "पाय माजा पान्यानं नेला. पोराचा कान तुमी नेलात. आदी त्याला लिवा, मंग पोलीस ठान्यात चला. मी येतंय."

बोळे पिशवीत बांधलेत, रिक्षा दारात उभी आहे. ती घाई करतेय. जाता जाता आणखी एक म्हणाली, "खाली मामा लिवू नका. तो मामा बोलंल तवा लिवा."

शिवदास