मागच्या सीटवरच्या बाईचं वावर

मी, कौशल्याबाई तानबाजी उमाटे, वय पासष्टच्या आसपास (दाखल्यावर मास्तरनं आपल्या मनानं तारीख टाकली होती), सातवी पास, धंदा शेती, राहणार देवळी, जिल्हा वर्धा, हे मृत्युपत्र कोणाच्या धाकानं नाई न कोणाच्या लाडीगोडीनं नाई, माह्या सोताच्या हातानं लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर हाय. कंबर नाई, पण कंबरेनं कोणी मृत्युपत्र लिहीत नाई. मी मुखत्यारपत्रावर सही केली असं उद्या कोणी म्हणन, तर तो कागद खोटा समजावा. कागद माह्यासमोर आला होता, पेनही हातात दिला होता, पण मी सही केली नाई. काऊन नाई केली ते खाली येते.

कलम पहिलं : घर. देवळीतल्या घरात माहा जो हिस्सा येते तो माहा मुलगा विवेक याले द्यावा. अट काही नाई. माह्या खोलीतल्या पंख्याचं बटन तो "उद्या बदलतो" म्हणून राह्यला, आमचे हे जिवंत होते तवापासून. आता खोली त्याचीच होईन, मंग पाहू किती लवकर बदलते ते.

कलम दुसरं : दागिना न तेरवी. हातातल्या पाटल्या नात मयुरीले. पोस्टातल्या पैशातून तेरवी करावी, पण बुंदी करू नये. आमच्या ह्यायच्या तेरवीले बुंदी कच्ची राह्यली होती न पाहुणे चार वर्षं तेच सांगत होते, माणूस कसा होता ते कोणी सांगतच नव्हतं. माह्या वेळी लोकायनं माह्याबद्दल बोलावं. वाईट बोलले तरी चालन.

कलम तिसरं : बुलेट. हे कलम लांब हाय. ज्याले घाई असन त्यानं माह्या मरणाची वाट पाह्यलीच हाय, अजून थोडी पाहावी.

आमच्या ह्यायनं ही गाडी चौऱ्याण्णव साली घेतली. पाठीमागं मी बसत होती, एका बाजूले पाय सोडून. दर खड्ड्याले मी म्हणो, "अहो, आपटते." हे म्हणत, "बुलेट हाय, पाळणा नाई." दोन हजार एकमधी हे गेले. गाडी विवेककडं आली न ती कंबर माह्याकडं राह्यली. गाडीत खोट नव्हती, तिचे मागचे शॉकप थकले होते. दोन्हीतलं तेल गळून गेलं होतं, स्प्रिंगा नुसत्या टक्-टक् वाजत. समोर बसणाऱ्याच्या सीटखाली वेगळी स्प्रिंग होती, त्याले काही समजत नव्हतं. मागच्याले सारं समजत होतं.

आता माहं वावर. ते देवळीपासून पांदण रस्त्यानं, बैलबंडीच्या कच्च्या वाटेनं, आत हाय. माह्या बापानं माह्या नावानं करून दिलं, सातबारा माह्या एकटीच्या नावाचा. तिकडं एसटी जात नाई. ऑटोवाला पांदण पाह्यली का परत फिरते. बैलबंडी आम्ही कवाच इकली. म्हणजे मले वावरात जायचं तर ह्याच गाडीवर, मागंच बसून. दोन वर्षांआधी सोयाबीन काढायच्या वक्ती गेली होती, तर येतानी मले गाडीवरून दोघायनं उचलून खाली ठेवलं, पिपा उतरवतात तसं. तवापासून विवेकनं मले नेणं बंद केलं. आधी शॉकप बदलू, मंग नेतो, असं म्हणे.

बदलू बदलू करता करता त्यानं गाडीले काय काय बदललं ते लिहून ठेवते, म्हणजे न्यायाधीशाले समजन. चमकणारा सायलेन्सर आणला. दोन भोंगे बसवले. टाकीले नवा रंग देला. शॉकप तेच. मी इचारलं तर म्हणे, "काका म्हणतात गाडी ओरिजिनल ठेव, बाबाची आठवण हाय." काका म्हणजे माहे दीर भैयाजी. त्यायचा धंदा प्लॉट पाडायचा. ज्या माणसानं भाऊ जिवंत असतानी त्या गाडीले हात लावला नाई, त्याले तिच्या गळक्या शॉकपाचा एवढा पुळका काऊन आला, हे मले तवा समजलं नाई. मले राग आला तो विवेकचा.

मंग एक दिवस भैयाजी मुखत्यारपत्र घेऊन आले. म्हणे, वहिनी, तुमच्यानं वावरात जाणं होत नाई, अर्ध्या वाट्यानं कसणारा बटईवाला काय पेरते न काय नेते तुम्हाले दिसत नाई, सारं विवेकच्या हाती देऊन टाका न आरामात बसा. विवेक बाजूले उभा होता, खाली पाहून. मी त्याले म्हटलं, तू सांग. तो म्हणे, "आई, तू आता वावरात जाऊन करशील काय?"

मी म्हटलं, "पाहीन."

"नुसतं पाहून काय होते?"

"ते मालकिणीले समजते. तुले नाई समजणार, तू अजून मालक नाई."

हा पोरगा चोर नाई. हे मी कायद्याच्या कागदावर लिहून देते. त्याले खरंच वाटते का म्हातारी पंख्याखाली बसली म्हणजे सुखात हाय, न तो पंखाही चालत नाई. याचाच जास्त जीव जळते. चोर असता तर दोन शिव्या देऊन मोकळी झाली असती. मी सांगितलं, दिवाळीपर्यंत थांबा. तोवर गाडी मले वावरात नेऊन परत आणण्यासारखी झाली तर सही नाई. नाई झाली, तर माह्यानं जाणं होत नाई हे खरं, मंग सही करून देते. भैयाजी हसले. त्यायले त्या गाडीचा भरोसा होता.

हरिदास मिस्त्रीचं ग्यारेज बाजार चौकात हाय. सुनेले, म्हणजे रक्षाले, मी त्याच्याकडं पाठवलं. त्यानं नागपूरवरून ग्यासवाले शॉकप मागवले, समोरच्या पाइपातलं जुनं तेल काढून नवं भरलं. काम सफाईदार केलं. पण ह्या शॉकपाले खाली खाचांची एक रिंग असते. बसणाऱ्याचं वजन पाहून ती फिरवा लागते. वजन कमी न रिंग वर असली तर गाडी दबतच नाई, हाडं मोडते. आता कौशल्याकाकूचं वजन इचारणार कोण? हरिदासची हिंमत झाली नाई. विवेकले माहीत नव्हतं. तर त्या दोघायनं काय केलं, मागच्या सीटवर गुरायच्या सरकीच्या ढेपीचं पोतं बांधलं न त्याच्यावर गाडी जमवली. मी बसली, घरापासून चौकापर्यंत गेली, न उतरून हरिदासले इचारलं, "काऊन रे, मी तुले पोत्यासारखी दिसते काय?" तो म्हणे, "नाई काकू, पोतं हलत नाई." त्याले माफ केलं, कारण ते खरं होतं.

मंग त्यानं अजून डोकं चालवलं. काकू डाव्या अंगाले पाय सोडून बसतात, म्हणजे वजन डाव्या अंगाले, असं म्हणून डावीकडची रिंग दोन खाचा वर न उजवीकडची खाली केली. भल्ला खुश होता. विवेकनं मले बसवलं. सरळ रस्त्यावर ठीक होतं. कालव्याच्या वळणावर एक खड्डा आला, मागचं चाक एका अंगानं उसळलं, एका अंगानं बसलं, न आम्ही दोघं मायलेक बेशरमाच्या झुडपात. लागलं नाई. पण विवेकनं गाडी उभी करता करता सांगून टाकलं का मी आता तुले मागं बसवणार नाई, लोकं म्हणतील आईले मारली. सांजच्याले भैयाजी तब्येत पाहाले आले. कागद सोबत होता. तब्येत पाहाले येतानी माणूस केळं आणते.

दिवाळीले चार दिवस राह्यले होते. मी रात्रभर कण्हली न सकाळी रक्षाले म्हटलं, चाल ग्यारेजमधी. बाजाराचा दिवस होता, चौक भरलेला. हरिदासले सांगितलं, दोन्ही रिंगा सारख्या कर, न तुह्यी ढेप घरी ने, मी सोताच बसते, माह्यावर माप घे. तो म्हणे, काकू, इथं? लोकं पाहून राह्यले. मी स्टुलावर चढली न दोन्हीकडं पाय टाकून बसली, माणसं बसतात तशी. नऊवारीचा काष्टा कशासाठी हाय? जनमभर वावरात काष्टा घालून काम केलं, बैलाची बंडी हाकली, न ह्या गाडीवरच काऊन अंग पिळून बसत होती ते मले आजवर कोणी सांगितलं नाई. आमचे हे तसं बस म्हणत म्हणून. समोरून प्रभाकरराव किराणावाले जात होते. थांबून म्हणतात, "कौशल्याबाई, हे काय ह्या वयात?"

मी म्हटलं, "त्या वयात तुम्ही पाहाले उभे राह्यले असते, म्हणून थांबली."

हरिदास खाली वाकला, टेपनं पाह्यलं का गाडी किती दबते. दोन्ही रिंगा एकदम खालच्या खाचेवर आणल्या. माहं वजन जेवढं निघालं ते त्यानं कोणाले सांगू नये, ही अट ह्या कागदात धरावी.

विवेक चालवाले तयार नव्हता. तर रक्षा म्हणे, मी नेते, आई. ती अल्लीपूरची पोरगी, बापाच्या राजदूतवर शिकलेली. बुलेटचा गेर उजव्या पायात न ब्रेक डाव्या पायात, ती उलटापालट तिनं विवेक आपल्या दुकानात गेल्यावर गल्लीत शिकून घेतली होती. सासूले सांगितलं नव्हतं. मले दिसत होतं, मी काही बोलली नाई.

म्हणून हे कलम असं : बुलेट, नव्या शॉकपासकट, न ह्यायची पान्यांची पेटी सून रक्षा विवेक उमाटे हिले द्यावी. सायलेन्सर न दोन्ही भोंगे काढून विवेकले द्यावे, त्याचे हायेत. जुने दोन शॉकप भैयाजीले द्यावे. भावाची आठवण हाय. बैठकीत टांगावे.

कलम चौथं : वावर. आज सकाळी रक्षानं मले आणलं. हरिदास मागं मागं आपल्या लुनावर आला, रिंग सरकते का पाहाले. पांदणीत खड्डे तेच हायेत, एकही कमी झाला नाई. पण गाडी दबे न उठे, दबे न उठे, न माही कंबर वरच्यावर राह्यली. नाल्यापाशी रक्षानं इचारलं, आई, दुखते काय? मी म्हटलं, दुखते, पण वावरापर्यंत पुरन.

वावरात आली न पाह्यलं. धुऱ्यावरचे, म्हणजे बांधावरचे, दोन निंब कापलेले. अर्ध्या वावरात कपाशीची पराटी नाईच, बटईवाल्याले पेरूच देली नाई. तिथं चुन्याच्या रेषा मारलेल्या, मधात रस्ता सोडलेला, न दगड गाडलेले, दगडावर लाल रंगानं नंबर. माही सही नाई, न वावराचे तुकडे पाडून झाले. बाजूच्या वावरातली सुमित्राबाई वेचणी सोडून आली. ती म्हणे, "बाई, आम्हाले वाटलं तुम्हीच इकून राह्यल्या. तुम्ही दोन वर्षं दिसल्याच नाई."

मी रडली नाई, राग एवढा आला का रडायले जागाच नव्हती. ह्या पोरानं माही कंबर जपली न वावर काकाले मोजून देलं. त्याले इचारलं तर म्हणन, तुह्या भल्यासाठीच. मी त्याचं बोलणं इथूनच ऐकून राह्यली.

तरी सांगते : हे वावर, देवळी शिवारातलं, सातबाऱ्याप्रमाणे माह्या एकटीच्या मालकीचं, सून रक्षा हिले एकटीले द्यावं. विवेकच्या नावानं नाई, दोघायच्या नावानं नाई. तिनं ते पेरावं. तिले इकायचं असन तर तिची मर्जी, पण आधी हंगामभर रोज इथं येऊन पाहावं, मंग ठरवावं. भैयाजीचा ह्या जमिनीशी काही संबंध नाई, होता कवा तर तो आज संपला. विवेकले वावर पाहाले यायची मनाई नाई. बायको गाडी चालवन, त्यानं मागं बसावं. दोन्हीकडं पाय टाकून बसावं, नाईतर कंबर जाते, हे त्याची आई म्हणून सांगते.

ह्या मृत्युपत्राची अंमलबजावणी रक्षानं करावी. ती नको नको म्हणून राह्यली, तिच्याकडं लक्ष देऊ नये.

वरचं सारं मी लिहिलं, वाचलं, न साक्षीदारायले मोठ्यानं वाचून दाखवलं. दोघायच्या समोर सही केली न त्यायनं माह्यासमोर केली. साक्षीदाराले काही देत नसतात म्हणून हरिदासले काही ठेवलं नाई, नाईतर ते ढेपीचं पोतं त्याच्याच नावानं केलं असतं.

सही : कौशल्याबाई तानबाजी उमाटे

साक्षीदार :
१. हरिदास गणपत झाडे, ग्यारेजवाले, बाजार चौक, देवळी
२. सुमित्राबाई नामदेव भोयर, बाजूच्या वावराच्या मालकीण (अंगठा न सही दोन्ही, तिचाच हट्ट)

ठिकाण : माह्या वावराचा धुरा
तारीख : १९ ऑक्टोबर २००६

ता. क. वारा सुटला हाय, कागद उडून राह्यले. रक्षानं सात नंबरचा दगड उपटून आणला, तो वर ठेवला हाय. बाकीचे ती न सुमित्राबाई मिळून उपटून राह्यल्या. घरी सांगून ठेवावं, आज आम्हाले यायले उशीर होईन.