बाबांनी आणलेल्या लाद्या

सावर्डे, बौद्धवाडी
१४ जून २०२५

प्रिय स्नेहल,

तुला आणि अमरदीपरावांना जय भीम, समूला गोड पापा.

पत्र बघून हसली असशील. रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर फुलं पाठवणारी ताई आज पोस्टात कशी गेली? खरं सांगू, फोनवर तू ‘हॅलो’ म्हणतेस आणि मी पावसाचं बोलायला लागते.

पाऊस चांगला आहे. आई बरी आहे, गुडघे सोडून. माझ्या शाळेचा पट यंदा सतरावर येणार असं दिसतंय. समूला खोकला वगैरे नाही ना? सहज विचारते.

बातमी अशी की बाहेरच्या खोलीला मी कुलूप लावलंय. तुला आठवतं, बाबा लोट्याच्या एमआयडीसीत कंपनीत असताना तिथलं जुनं ऑफिस पाडलं आणि स्टोअरात पडून असलेल्या लाद्या ते गोणीत भरून कंपनीच्या बसने घेऊन आले? वीतभर चौकोनी, पातळ, करड्या, वर पांढरे शिंतोडे. खाली लावायचा डांबरासारखा काळा गोंदही तिथलाच. वाडीत तेव्हा सगळ्यांकडे शेणाची जमीन आणि आपल्याकडे ‘साहेबाची लादी’. बाबा रविवारी गुडघ्यांवर बसून तिला खोबरेल लावायचे, आणि आपण दोघी घसरून पडायचो.

ओलीने तिचे कोपरे उचकटले होते, म्हणून मेमध्ये अर्धी खोली उकरली हे तुला माहीत आहे. तू तेव्हा समूला आमच्याकडे ठेवून दोन दिवस दाभोळला सासरी गेली होतीस. बुद्ध पौर्णिमेआधी विहाराच्या वाटेचं श्रमदान ठरलेलंच होतं. तुकडे वाया कशाला घालवायचे? बारीक फोडून वाटेवर पसरले की पावसात म्हाताऱ्या माणसांचे पाय घसरणार नाहीत. कल्पना माझीच. सगळ्यांनी कौतुक केलं.

परवा शेजारच्या रेणुकाकाकूंचा हर्षद आला होता. तो लोट्यातच एका कंपनीत सेफ्टीला आहे. उंबऱ्यातच थांबला, उकरलेल्या कडेचा काळा गोंद बघितला आणि म्हणाला, “नमाताई, आधी पंखा बंद कर. आणि तो झाडू खाली ठेव.”

त्याचं म्हणणं, त्या काळच्या अशा लाद्यांत आणि गोंदात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. छपराच्या सिमेंटच्या पत्र्यांबद्दल आपण ऐकलं होतं, पण पायाखालच्या लादीचं कोण मनात आणणार? नुसतं बघून कोणालाच सांगता येत नाही, तपासावंच लागतं. त्याने चांगला मास्क लावला, साबणाचं पाणी फवारलं, एक सुटलेला तुकडा दोन पिशव्यांत बंद केला आणि मुंबईच्या प्रयोगशाळेला पाठवला. शाबूत लाद्यांना हात लावायचा नाही म्हणाला. त्यांच्यावर जाड प्लास्टिक टाकून कडा चिकटपट्टीने बंद केल्या. धूळ झाडायची नाही, ओल्या फडक्याने टिपायची आणि ते फडकंही पिशवीत बांधायचं.

आई रागावली. “तुज्या बापसानं आनलेली लादी हाय ती. तिच्यात काय इख भरलंय?”

“शाबूत असेल तर ती बहुतेक काही करत नाही, काकू,” हर्षद म्हणाला. “फोडली की तिचे बारीक तंतू हवेत जातात. नमाताई, कोरडी फोडलीस की पाणी मारून?”

मी म्हटलं, आठवत नाही.

मुलं त्या वेळी तिथे नव्हती. सगळी विहारात पताका लावत होती, समूसुद्धा. हे मी तुला तेव्हाच फोनवर सांगितलं होतं. तेव्हा तू काळजी करू नकोस.

तुझी,
ताई


९ जुलै २०२५

स्नेहल,

रिपोर्ट आला. आहे. लादीतही आणि गोंदातही.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. त्याआधी फोनवर खोटं बोलले होते. आज खरं लिहिते. तू वाचून काय करशील याची भीती वाटते, पण समूची जी भीती वाटते तिच्यापुढे ती काहीच नाही.

समू विहारात नव्हती. माझ्याजवळ होती. “मावशी, मी पण श्रमदान करणार,” म्हणून पदर धरून बसली. मी हातोडीने लाद्या फोडत होते. कोरड्याच. पाणी शिंपडलं तर घरात चिखल होईल म्हणून शिंपडलं नाही, आणि मला घाम येत होता म्हणून पंखा जोरात लावला होता. ती हाताने तुकडे उचलून घमेल्यात भरत होती. केस सगळे पांढरे झाले तिचे. मी हसले. “बघा, आमची समू म्हातारी झाली!” असं म्हणून फोटो काढला. मग वाटेवर तुकडे ओतले आणि वाडीतल्या सगळ्या पोरांनी ते नाचत नाचत तुडवले. समू सगळ्यांच्या पुढे.

तेवढ्यात तुझा फोन आला. जाताना तू मला बजावलं होतंस की हिला धुळीत नेऊ नकोस, आणि मी म्हटलं होतं, तुम्ही मुंबईची माणसं फार नाजूक झालात गो. आता कोणत्या तोंडाने सांगू? म्हणून पताका म्हणाले. तू यायच्या आत तिला न्हाऊ घातलं, फ्रॉक धुतला. वर्गात खडू झाडतानासुद्धा पोरांना नाकावर रुमाल धरायला लावणारी बाई मी.

तो फोटो मी हर्षद आला त्या संध्याकाळी डिलीट केला.

चिपळूणला छातीच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. ते म्हणाले, एकदाच, दीड तास, म्हणजे धोका फार लहान आहे. आज समू खोकली तर तो खोकला याचा नाही. आत्ता एक्स-रे काढून काही दिसणार नाही, उगाच काढू नका. मी विचारलं, लहान म्हणजे किती? ते म्हणाले, शून्य म्हणता येत नाही. आणि दिसायचं झालंच तर वीस, तीस, चाळीस वर्षांनी दिसतं. समू सहा वर्षांची आहे. तेव्हा ती आज आपण आहोत त्या वयाची असेल, आणि बहुतेक मी नसेन.

रविवारी विहारात बैठक बोलावून वाडीला सांगितलं. वाट ताडपत्रीने झाकून दोर बांधलाय, पंचायत जाणकार माणसं आणणार आहे. तोवर तिथे कोणी हात लावायचा नाही. बाबल्या एवढंच म्हणाला, “बाई, आमची पन पोरां नाचली थयं.” घरी आल्यावर आईने बाबांच्या शेवटच्या दोन वर्षांच्या धापेबद्दल विचारलं, एकदाच. मला ठाऊक नाही, तेच सांगितलं. आता ती त्या दारासमोरून जाताना पदर नाकाला लावते.

डॉक्टरांनी एक गोष्ट मात्र करायला सांगितली. हे लिहून मुलीच्या कागदांत ठेवा. पुढे कधी तिला दम लागला आणि एखाद्या डॉक्टरने विचारलं की लहानपणी अशा धुळीत होतीस का, तर ती नाही म्हणेल, कारण तिला आठवणारच नाही. फोनवर सांगितलेलं तुझ्याही लक्षात राहणार नाही. म्हणून हे पत्र. माझ्यावर काय रागवायचं ते रागव, माझ्याशी बोलू नकोस, तिला पुन्हा कधी माझ्याकडे पाठवू नकोस. पण हे फाडू नकोस गो. तिच्या लसींच्या कार्डाजवळ ठेव, आणि ती मोठी झाली की तिच्या हातात दे.

रविवार, ४ मे २०२५, सकाळी साडेनऊ ते अकरा. मी लाद्या फोडत होते, आणि समीक्षा माझ्याजवळ होती.

नम्रता जानू सकपाळ
(समूची मावशी)