गाडीखालची चादर

अण्णा,

तुमच्या गाडीचा खरा खर्च आज सांगून टाकतो. तीन वर्षांचे रविवार, उजव्या अंगठ्याचं एक नख, तुमच्या सुनेच्या चार पांढऱ्या चादरी आणि एक खोटं. नख परत उगवलं. चादरी मी करोल बागेतून नव्या आणून दिल्या, त्या तिला पसंत पडल्या नाहीत, तेव्हा ते प्रकरण अजून मिटलेलं नाही. खोटं मात्र माझ्याकडेच आहे, आणि उद्याच्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात ते चारचौघांपुढे उभं करायचं की नाही, हे ठरवण्यात माझा हा आठवडा गेला. तुमची गाडी म्हणजे नेमकी तुमची नव्हे. ती केव्हाच वितळून कुणाच्या तरी खिडकीचे गज झाली असेल. पण त्याच जातीची, त्याच नाकाची, लष्करातली तीन टनी.

तुम्ही गेलात तेव्हा माझा फरिदाबादचा कारखाना म्हणजे रबर दाबायचं एक यंत्र, दोन कामगार आणि पावसात टपकणारा पत्रा होता. आता पत्रा टपकत नाही. आम्ही ऑइल सील बनवतो. इंजिनातलं तेल इंजिनातच राहावं म्हणून बसवतात त्या रबरी कड्या. काम एवढंच, पण ते मन लावून केलं, आणि द्वारकेला लिफ्टवाल्या सोसायटीत घर झालं, मुलगी शिकून बंगळूरला गेली, ब्लडप्रेशर आलं. माझ्या वयाचे सोसायटीतले लोक गोल्फ शिकतात नाहीतर तीर्थयात्रा काढतात. मी नजफगढच्या पुढे एक शेड घेतली आणि जुने ट्रक आणून दुरुस्त करत बसलो. तुम्ही म्हणाला असता, मी पोटासाठी केलं ते, हौसेनं कोण करतं हे? पण अण्णा, गंजून एकजीव झालेला बोल्ट आठवडाभर डिझेलमध्ये भिजवायचा, आणि रविवारी पाना लावला की तो ‘कट्’ करून सुटतो, त्या आवाजासाठी मी लग्नाची आमंत्रणं चुकवली आहेत. दाराचं एक हँडल शोधायला करोल बागेच्या पार्टवाल्यांच्या गल्ल्यांत दोन महिने हिंडलो. मिळालं तेव्हा दुकानदार म्हणाला, “बाऊजी, इसको तो हम पेपरवेट बना के बैठे थे.” माझे मिस्त्री सरदारजी आहेत, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, बसच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. इंजिन त्यांचं, गळती माझी, अशी आमची वाटणी आहे.

गळतीच्या बाबतीत मी जरा मिजासखोर झालो आहे. प्रदर्शनात मी गाडीखाली पांढरी चादर पसरतो. बाकीचे हौशी लोक पत्र्याचा ट्रे सरकवतात आणि म्हणतात, “पुरानी चीज है यार, थोड़ा तो टपकेगी.” मी म्हणतो, माझ्या हाताखालून गेलेली गाडी टपकत नाही. डाग दाखवा, गाडी घेऊन जा. आजवर कुणी नेलेली नाही. लोक वाकून वाकून बघतात, फोटो काढतात, आणि त्यातले एकदोघे सोमवारी सीलची ऑर्डर देतात. हौस खरी, पण म्हणून दुकान बंद करून कोण हिंडेल? सुनेच्या चादरी गेल्या त्या इथे शेडमधल्या तालमीत. आणखी एक सांगतो, तुम्हाला हसू येईल. इतक्या जुन्या गाड्यांना दिल्लीच्या रस्त्यावर हल्ली मज्जाव आहे, म्हणून आमचा ट्रक दुसऱ्या ट्रकच्या पाठीवर बसून प्रदर्शनाला जातो.

ही गाडी मला मायापुरीच्या भंगारात दिसली ती पाठमोरी. पाठीवर पाण्याची टाकी, मागे पितळी तोटी. मी काही ठरवलं नव्हतं, पण हात आपोआप वर गेला आणि बोटाच्या पेरांनी मी टाकीवर वरून खाली ठोकत आलो. तुम्ही असंच करायचात. पंधरा वर्षं तुम्ही दिल्ली छावणीत पाण्याची गाडी चालवलीत, आणि झाकण न उघडता, नुसतं ठोकून सांगायचात, “निम्मी हाय.” वरून पोकळ आवाज येत येत एका जागी तो बसका होतो, तिथं पाणी. मला कडेवर घेऊन तुम्ही माझा कान टाकीला लावताय, पत्रा गार आहे, आणि तुम्ही विचारताय, “कुठं बदलला? बोट ठेव.” मी बोट ठेवतो. लोक म्हणतात माझे कान तिखट आहेत. बेअरिंग जायच्या आधी मला कळतं, आणि गिऱ्हाईक बाजूला जाऊन पंजाबीत कुजबुजलं तरी कळतं. त्या दिवशी भंगारवाला भागीदाराच्या कानात सांगत होता, “मरहट्टा है, चार चक्कर काटेगा, पर ले के जाएगा.” मी चार चकरा मारल्या आणि घेऊन आलो.

आणि पहिल्याच महिन्यात टाकी उतरवली. मिस्त्री पाना हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. “साबजी, टंकी तो भली-चंगी है. उतारनी क्यों?” मी म्हटलं, जवानों की गाड़ी बनाएँगे, जँचेगी. टाकी शेडमागे बाभळीखाली गेली. तिच्या जागी मी शिसवी फळ्यांचं लाकडी अंग बसवलं, दोन बाजूंना बाकं, वर ताडपत्री. दृष्ट लागेल असं काम झालं. मग पाटी रंगवून घेतली: या जातीच्या गाडीतून माझे वडील जवानांना सरहद्दीवर पोहोचवत असत. गेल्या सोमवारी ती पाटी मी घरी आणली. तुमच्या सुनेनं चष्मा लावून वाचली.

“अहो, मामंजी पाण्याची गाडी चालवायचे ना?”

“हो.”

“मग हे काय?”

“प्रदर्शनात पाण्याचा टँकर कोण बघणार? दिल्लीत टँकर काय कमी आहेत?”

तिनं पाटी भिंतीला टेकवली, भाजी चिरायला बसली, आणि तिकडूनच म्हणाली, “त्या गणपतीतल्या पोरांना अजून दाखवताच आहात का?” लग्नानंतर कधीतरी, एकदाच, मी तिला ते सांगितलं होतं. तिनं जपून ठेवलेलं. तुम्हाला मात्र मी ते कधीच सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती, तुम्ही तिथेच होतात.

मी तेव्हा सहावीत. करोल बागेतल्या मराठी मंडळींचा गणपती. माझ्या वर्गातली पोरं तिथं असायची, कुणाचे वडील मंत्रालयात, कुणाचे बँकेत. त्यांना मी सांगून ठेवलं होतं की माझे वडील फौजेची मोठी गाडी घेऊन बॉर्डरवर जातात. त्या वर्षी मंडपात पिण्याच्या पाण्याची ओरड झाली, आणि कुणी मराठी साहेबांनी छावणीतून गाडी पाठवली. ती घेऊन तुम्ही आलात. खाकी पँट दुमडलेली, खांद्यावर पंचा. मागची तोटी नेहमीसारखी गळत होती आणि रस्त्याच्या टोकापासून मंडपापर्यंत ओली रेघ उमटली होती. एक पोरगा ओरडला, “ए यार, बघ बघ, गाडी मुतत मुतत आली!” सगळे हसले. मीही हसलो. तुम्ही मला बघितलंत आणि हाक मारलीत, “बाळ, पाणी पी की!” तो पोरगा म्हणाला, “अच्छा, हे तुझे बाबा?” मी म्हटलं, “छे. आमच्या शेजारचे काका आहेत.” तुम्ही तोटी आवळत होतात, पाठमोरे, माझ्यापासून तीन पावलांवर. कान माझे तिखट असतील, पण ते आले कुठून?

दुपारी गाडी परत निघाली. मी मंडपाच्या कनातीशी उभा. तुम्ही दार उघडलंत आणि अगदी अदबीनं म्हणालात, “या, बसा. शेजारच्या काकांची गाडी आहे, भाडं नाही पडायचं.” मी चढून बसलो. धौला कुआंपर्यंत तुम्ही समोर बघून चालवत होतात. मग विचारलंत, “तुमचे वडील काय करतात?”

“गाडी चालवतात.”

“कसली?”

“फौजेची.”

“वा. मोठी असंल.”

“हो.”

क्वार्टरच्या फाटकाशी गाडी थांबली. मी उतरलो तेव्हा तुम्ही खिडकीतून वाकून म्हणालात, “वडलांना सांगा, शेजारच्या काकांनी रामराम सांगितलाय.” आणि गाडी घेऊन गेलात. मी त्या फाटकात किती वेळ उभा होतो, मला माहीत नाही. संध्याकाळी तुम्ही घरी आलात ते माझे वडील म्हणूनच. आईला काही कळलं नाही. तुम्ही पुन्हा तो विषय काढला नाहीत, आणि नेमकं तेच मला आजपर्यंत पुरलं.

पण दुसऱ्या दिवशी शाळेतून आलो तर तुम्ही स्वयंपाकघरात जमिनीवर बसला होतात. जुन्या बुटाची जीभ कापून तिच्यातून लोखंडी पंच ठोकून गोल चकत्या पाडत होतात, तोटीत बसवायचे वॉशर. स्टोव्हच्या बाजूला वाटीत शेंगदाण्याचं तेल, त्यात चकत्या भिजत घातलेल्या. आई करवादत होती, “त्या वाटीत मी फोडणी करते हो! बूट घालताय तिच्यात?” तुम्ही म्हणालात, “नवी आणू.” मग एक चकती दिव्यापुढे धरून, माझ्याकडे न बघता म्हणालात, “उद्यापासून नाही गळायची.” पाच दिवस ती गळली नाही. मी रोज वाकून बघत होतो. सहाव्या दिवशी थेंब आला. तुम्ही बघितलंत, मी बघितलं, आणि तुम्ही हसून म्हणालात, “चालतंय की. चिमण्या पितात.” खरंच गाडी उभी असायची तिथल्या ओल्या खळग्यात चिमण्या यायच्या. मला मात्र ते चाललं नाही. माझं सगळं धंद्याचं डोकं, लोक ज्याचं कौतुक करतात ते, त्या सहाव्या दिवसाच्या थेंबातून आलंय, हे मी कुठल्याही डीलरच्या सभेत बोललेलो नाही. फरिदाबादला यंत्र घेतलं तेव्हा तुम्ही तो पंच माझ्या हातात ठेवलात. “हा घे. बूट तुझे तू बघ.” तो माझ्या टेबलावर असतो. कुणी विचारलं तर मी म्हणतो, वडिलांचा आहे, फौजेत होते. त्यापुढे काही म्हणत नाही.

मंगळवारी मी मिस्त्रींना फोन केला. म्हटलं, बॉडी उतारो, टंकी चढ़ानी है. त्यांनी मला ते दोनदा म्हणायला लावलं. मग म्हणाले, “साबजी, तबीयत तो ठीक है?” चार दिवस लागले. टाकीतून खारीचं घरटं निघालं, ते बाभळीवर हलवलं. आतून घासली, बाहेरून रंग दिला. तोटीला मी माझ्या हातानं सील बसवलं, आमच्या कारखान्यातलं, सगळ्यात चांगल्या रबराचं. नवी पाटी रंगवून झाली आहे: पाण्याची गाडी. माझे वडील चालवत. पेंटरनं विचारलं, “बस इतना ही?” मी म्हटलं, इतना ही. काल टाकी काठोकाठ भरली, खाली नवी चादर पसरली, आणि मिस्त्री म्हणाले, सुबह देखेंगे.

आता सकाळ झाली आहे. मी शेडच्या दाराशी खुर्ची टाकून बसलोय. कबूल करतो, आल्यापासून मी गाडीकडे पाठ केली आहे. कागद घेऊन बसलो तो त्यासाठीच. पाच पानं झाली, आणखी किती लिहिणार? हा कागद घडी करून गाडीच्या खणात ठेवीन, प्रदर्शनात तो खण कुणी उघडत नाही. मागून मिस्त्रींनी आत्ताच हाक मारली. मी उठलो, टाकीवर पेरांनी वरून खाली ठोकत आलो. पाणी चार बोटं उतरलंय.

चादर ओली आहे.