रिकाम्या थाळीचं रीडिंग

४ फेब्रुवारी
लागले बाई एकदाची नोकरीला! प्रयोगशाळा पांढरीशुभ्र, आणि मधोमध माझं यंत्र. अंतराळातून आलेल्या धुळीचा कण थाळीवर ठेवायचा, लेसरने जाळायचा, की तो कशाकशाचा बनलाय ते पडद्यावर उमटतं. त्याआधी रोज सकाळी रिकाम्या थाळीची एक फेरी. काहीच उमटलं नाही म्हणजे यंत्र स्वच्छ. माझ्यासारख्या वेंधळीला हे शिकवताना यंत्राचा हवा खेचणारा पंप सांभाळणारे काका घामाघूम झाले.
आमच्या प्रमुख, म्हणजे मोठ्या बाई. त्यांनी मुलाखतीतच विचारलं होतं, अंगात कुठे धातू आहे का? दात ठणठणीत आहेत, पण कॉलेजात जिन्यावरून पडले तेव्हापासून उजव्या मनगटात टायटॅनियमची पट्टी आहे, असं मी सांगितलं. बाई खूश! म्हणाल्या, बरं झालं, तुझं काय ते लगेच ओळखू येईल. आईला फोनवर सांगितलं तर म्हणते, तुला नोकरी दिलीय की भंगारात घेतलंय?

९ फेब्रुवारी
रिकाम्या थाळीवर आज चांदी, कथील आणि पारा. दाढ भरायचा मसाला! थाळी पुन्हा पुसली, तरी तेच. काका म्हणाले, तुझ्या आधीच्या मुलाची दाढ भरलेली होती. तो कुठे गेला विचारलं तर त्यांना एकदम पंपात तेल घालायचं आठवलं. कोणीतरी नीट पुसत नाही आणि नाव माझं खराब होणार.

१४ फेब्रुवारी
बाई यंत्राच्या खोलीत पाऊल टाकत नाहीत. काचेपलीकडून खुणा करतात. काकाही काम उरकलं की पळ काढतात.
आज कॅल्शियम आणि फॉस्फरस. हाडांत असतात ते. मला तोंडघशी पाडायला कोणीतरी थाळीवर मुद्दाम काहीतरी टाकतंय, आणि माझा संशय बाईंवर आहे. आता थाळी कुलपात, किल्ली माझ्या गळ्यात.

१८ फेब्रुवारी
कुलूप जसंच्या तसं. थाळी रिकामी. टायटॅनियम.
काचेपलीकडे बाई टाळ्या वाजवत होत्या. आवाज येत नव्हता.

१९ फेब्रुवारी
मनगट हलकं वाटतंय. एक्स-रे काढला. पट्टी नाही. डॉक्टर विचारतात, काढून कुठे घेतलीत? वर फक्त जुनाच व्रण. मला भीती वाटतेय. खूप.

२० फेब्रुवारी
नोकरी सोडली. आईकडे आले. इथे कोण काय करणार आहे मला?

२२ फेब्रुवारी
काकांचा फोन. रडत होते. खोलीत कोणी नाही, थाळी रिकामी, तरी रीडिंग येतंय. आज लोह. माझ्या आधीचा तो मुलगाही घरीच गेला होता म्हणाले. मी गयावया केली, यंत्र बंद करा. पण बाई हात लावू देत नाहीत. म्हणतात, इतकं स्वच्छ रीडिंग आजवर कुणाला —

२३ फेब्रुवारी
लोह म्हणजे रक्त. उभं राहवत नाही. ओठ पांढरे. दुधाचा पेला उजव्या हातातून — हात आहे की नाही तेच कळत —

२४ फेब्रुवारी
डाव्या हाताने लिहितेय. काकांनी वायर उपटली होती. बाईंनी परत —
आई म्हणतेय, उजवा हात दाखव बघू. मी केव्हाचा पुढे केलाय. ती अजून विचारतेय, कुठे आ—