जिंकून थांबलेला पाहुणा

झल्लाक, बहरीन

अकीला, तुला नि अम्मीला सलाम, अलिनाला पापा.

ताहिरभाई गावी येतायत, त्यांच्या हातून हे पाठवतो. मी मजेत आहे. कंबर आता फारशी दुखत नाही.

आमच्या हॉटेलात मोरिता नावाचा जपानी फायटर उतरलाय. लढतीसाठी वजन उतरवायला आठवडाभर जवळजवळ उपाशी होता. तरी रोज किचनच्या दाराशी येऊन माझ्या कोळंबीच्या पुलावाचा नुसता वास घ्यायचा. रोज्यातसुद्धा असं कुणी करत नाही!

शुक्रवारी तो जिंकला आणि त्याने तिथेच ग्लोव्ह्ज काढून ठेवले. म्हणे, खलास, आता लढणार नाही. मला काही कळेना. हरल्यावर सोडलं तर समजू शकतो, पण जिंकल्यावर कशाला?

काल तो दोन प्लेट पुलाव खात असताना मी विचारलंच. मोबाइलवर भाषांतर करून म्हणाला, "बायकोला दर वेळी सांगायचो, ही शेवटची. हरलो तरी पुन्हा उतरायचो, जिंकलो तरी." मग त्याने विचारलं, तुझं इथलं किती राहिलं? मी म्हटलं, एकच वर्ष. तो कितीतरी वेळ हसत होता.

तेव्हापासून माझं डोकं चालत नाही. पडवीचे पत्रे बसले का? अलिनाचा खोकला?

आणि खरं सांग, हे 'एकच वर्ष' मी तुला किती वेळा सांगितलंय? मला आठवत नाही. तू मोजलं असशील.

तुझाच,
उबेद